आधी बर्फ, मग तारीख: उंचावरच्या तळ्यांवर ट्राउट धरायला जाण्याआधी

सुट्टी मंजूर झाली, भिडू ठरले, सॅक माळ्यावरून खाली आली. दोन दिवस चढून वर पोचलो, तर समोर पांढरंशुभ्र, घट्ट गोठलेलं तळं. उन्हाळ्याच्या तोंडावर उंच डोंगरातल्या तळ्यांवर ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातले मासे, धरायला जाणाऱ्यांची नेहमीची फजिती हीच. गळ चुकत नाही, आमिष चुकत नाही, चुकते ती तारीख. म्हणून आखणीचा क्रम असा ठेवायचा: आधी बर्फ, मग तळं, मग तारीख आणि सामानाची यादी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण याच्या उलट करतात, कारण सामान घेण्यात मजा असते आणि बर्फाचे नकाशे बघण्यात नसते.

एवढा खटाटोप करून लवकर का जायचं, भर उन्हाळ्यात निवांत का नाही? उत्तर पाण्यात आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. हिवाळाभर तळाशी हे ४ अंशांचं पाणी आणि वर बर्फाला टेकलेलं शून्याच्या आसपासचं पाणी, असे थर पडून राहतात. बर्फ फुटला की वरचं पाणी तापत ४ अंशांवर येतं, वरखाली घनता सारखी होते आणि मग साधा वारासुद्धा अख्खं तळं ढवळून काढतो. प्राणवायू खाली जातो, तळाचं खाद्य वर येतं. सहा-आठ महिने बर्फाखाली अर्धपोटी काढलेला मासा काठाच्या उथळ पाण्यात येतो, कारण सगळ्यात आधी तेच तापतं आणि किड्यांची हालचालही तिथेच सुरू होते. म्हणजे होडी नसलेल्या, काठावर उभ्या माणसाच्या टप्प्यात मासा स्वतःहून येतो. हा काळ साधारण दहा-पंधरा दिवसांचा. पुढे वरचा थर तापला की मोठे मासे खोल उतरतात आणि काठावरून फेकणाऱ्याच्या हाती चिंगळ्याच लागतात.

बर्फ कधी फुटेल?

अँड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९१८ साली वसंताच्या चढाईचा एक ढोबळ नियम मांडला होता: दर ४०० फुटांच्या, म्हणजे सुमारे १२० मीटरच्या चढाला वसंत चार दिवस उशिरा येतो. नियम झाडाझुडपांसाठी आणि किड्यांसाठी होता, पण तळ्यांच्या अंदाजालाही तो बऱ्यापैकी चालतो. ३०० मीटर उंचीचा फरक म्हणजे दहा दिवसांचा फरक. खालच्या तळ्याचं बर्फ कधी गेलं हे कळलं, की वरच्याचा हिशेब बोटांवर करता येतो.

यात दुरुस्त्या कराव्या लागतात. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे उघडं असलेलं तळं लवकर सुटतं. दक्षिणेला उंच कडा असेल, तर त्याच्या सावलीतलं तळं त्याच उंचीवरच्या शेजाऱ्यापेक्षा दोन-तीन आठवडेही मागे राहू शकतं. ज्या तळ्यात हिमस्खलनाचा ढिगारा येऊन पडतो, तिथे तो ढिगारा शेवटपर्यंत तरंगत असतो. उथळ तळं आधी सुटतं, खोल नंतर. आणि हिवाळ्यात किती बर्फ पडलं यापेक्षा वसंतातल्या रात्री किती थंड गेल्या, यावर शेवटचा आठवडा ठरतो.

अंदाजावर विसंबायची गरजही आता उरलेली नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची छायाचित्रं फुकट बघायला मिळतात. साधारण दर पाच दिवसांनी एक नवी प्रतिमा येते आणि तिच्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. साध्या रंगात ढग आणि बर्फ दोन्ही पांढरेच दिसतात आणि माणूस फसतो. म्हणून लघुतरंग अवरक्त, म्हणजे ‘एस-डब्ल्यू-आय-आर’ हा पर्याय निवडायचा. त्यात बर्फ निळं दिसतं, ढग पांढरे राहतात आणि मोकळं पाणी काळं दिसतं. तळ्याभोवती काळी कडा दिसू लागली, की काठ सुटला. मागच्या तीन-चार वर्षांच्या याच आठवड्यांच्या प्रतिमा उघडून प्रत्येक तळं कोणत्या तारखांच्या मध्ये काळं झालं हे वहीत लिहून ठेवावं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि सगळ्या आखणीत एवढा फायदा दुसऱ्या कशाचाच नाही.

तरीही एका तळ्यावर सगळा डाव लावू नये. एकाच खोऱ्यातली तीन तळी निवडावीत, एकमेकांपासून २००-३०० मीटर उंचीच्या फरकाने. मुक्काम मधल्या तळ्याजवळ. ते गोठलेलं निघालं तर खालच्यावर उतरायचं, सुटून बरेच दिवस झाले असतील तर वरच्यावर चढायचं. तारीखही एकच धरू नये. सलग दोन आठवड्यांची खिडकी मोकळी ठेवून निघण्याआधीच्या ताज्या प्रतिमेवर दिवस पक्का करावा. ज्यांना ऑफिसातून अशी मोकळीक मिळत नाही, त्यांनी तारीख पक्की ठेवून तळं बदलण्याची तयारी ठेवावी. दोन्ही पक्कं करून चालत नाही.

तळ्यात मासा आहे का?

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हा प्रश्न अनेकांच्या डोक्यातच येत नाही. हिमनद्यांनी कोरलेली उंचावरची बरीच तळी मुळात बिनमाशांची. खाली धबधबे असतात, मासा ते चढून वर पोचूच शकत नाही. तिथले ट्राउट माणसाने नेऊन सोडलेले. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडातली तळी याचं ठळक उदाहरण. तिथे सोडलेल्या ट्राउटनी पिवळ्या पायांच्या डोंगरी बेडकांची पिल्लं फस्त केली. पुढे बुरशीच्या साथीनेही बेडूक मारले. मग काही तळ्यांमधून जाळी लावून मासे मुद्दाम काढून टाकावे लागले. म्हणून जुन्या माहितीवर ‘भरपूर ट्राउट’ असलेलं तळं आज रिकामं असू शकतं. तिथल्या मत्स्य विभागाच्या नोंदी बघाव्यात: शेवटचं बीज कधी सोडलं, कोणत्या जातीचं आणि पुन्हा सोडणार आहेत का.

नोंद मिळाली नाही तर नकाशा वाचावा. तळ्याला बारमाही येणारा किंवा बाहेर जाणारा ओढा आहे का? रेनबो आणि कटथ्रोट जातींना अंडी घालायला वाहत्या पाण्यातली खडी लागते. ओढा नसलेल्या तळ्यात त्यांची पैदास होत नाही, सोडलेले मासे संपले की विषय संपला. ब्रूक ट्राउटला मात्र तळाशी झिरपणारा झरासुद्धा पुरतो, त्यामुळे तो बेसुमार वाढतो आणि मग डोकं मोठं, अंग बारीक असे अर्धपोटी मासे शेकड्याने मिळतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याला असंच तळं बरं, कारण मासे लागतात. मोठ्या माशामागे लागलेल्याने कमी मासे असलेलं खोल तळं शोधावं.

खोली महत्त्वाची. दोन-तीन मीटर खोलीच्या तळ्यावर बर्फ आणि वर हिम साचलं, की उजेड आत जात नाही, वनस्पती प्राणवायू करत नाहीत, कुजणं मात्र चालू राहतं. वसंतात असं तळं उघडतं ते मेलेल्या माशांसकट. चार-पाच मीटरपेक्षा खोल जागा असलेलं तळं धरावं. आणि फोटोत जे तळं दुधाळ फिरोजी रंगाचं, अगदी डोळे दिपवणारं दिसतं, ते मासेमारीसाठी बहुधा वाईट. तो रंग हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठीचा. त्यात उजेड खोल जात नाही, खाद्य वाढत नाही आणि माशाला आमिषही दिसत नाही. फोटो काढावा आणि पुढे जावं.

परवाना, हंगाम सुरू होण्याची तारीख, किती आणि केवढे मासे ठेवता येतात, जिवंत आमिष चालतं का, हे त्या त्या जागेच्या नियमात बघावं. वसंतात अंडी घालणाऱ्या जातींसाठी ओढ्यांची मुखं बऱ्याच ठिकाणी उशिरापर्यंत बंद असतात. नेमकी तीच जागा उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळ्यांना खुणावते.

सामान, मोजकंच

मासेमारीचं सगळं सामान पाऊण किलोच्या आत बसतं. बसत नसेल तर काहीतरी फाजील घेतलंय. चार किंवा पाच तुकड्यांचा, १.८ ते २ मीटरचा हलका स्पिनिंग रॉड, १००० आकाराची रील, त्यावर ०.१८ ते ०.२० मिलिमीटर जाडीचं १०० मीटर तंगूस (गळाची नायलॉनची दोरी). स्वस्त तंगूस थंडीत स्प्रिंगसारखं वेटोळं घालतं आणि गाठी पडतात. निघण्याआधी नवं भरावं, वर पोचल्यावर दहा-पंधरा मीटर ओढून हाताने ताणून सरळ करावं.

आमिषांत ३ ते ५ ग्रॅमचे चार-पाच स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराच्या पत्र्याची आमिषं (सोनेरी, चंदेरी, एखादा तांबूस), ० ते २ नंबरचे तीन-चार स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याची आमिषं, तंगूसला पीळ पडू नये म्हणून बारीक स्विव्हल (फिरती कडी) आणि एक पारदर्शक प्लॅस्टिकचा बबल, म्हणजे पोकळ तरंगता गोळा. बबल ही फार कामाची चीज आहे. त्यात अर्धं पाणी भरलं की वजन येतं, मग मागे दीड मीटर बारीक तंगूसवर बांधलेली फ्लाय (पिसं-दोऱ्यांचा नकली किडा) साध्या स्पिनिंग रॉडनेही लांब फेकता येते. फ्लाय रॉडवाल्यांनी ९ फुटी, ‘५ वेट’ वर्गाचा रॉड आणि ४ एक्स व ५ एक्स टिपेट (फ्लायला जोडायचं शेवटचं बारीक तंगूस) न्यावं. ५ एक्स म्हणजे ०.१५ मिलिमीटर, स्वच्छ पाण्यात याहून जाड नको. फ्लाय मोजक्याच: काळी आणि शेवाळी वूली बगर ८-१० नंबरची, कायरोनोमिड (पाण्यातल्या चिलटाच्या अळीची नक्कल) १४ ते १८, अ‍ॅडम्स १४-१६, शिवाय थोड्या मुंग्या. वाऱ्याने उडून बर्फावर आणि पाण्यावर पडलेल्या मुंग्या-किडे हा या दिवसांतला मोठा खुराक असतो.

सगळ्या गळांचे उलटे काटे घरीच पकडीने चेपून घ्यावेत. तीन तोंडी गळ काढून त्या जागी एकेरी लावावा. ध्रुवित काचांचा चष्मा दोन कामं करतो, पाण्यातला मासा दाखवतो आणि डोळे वाचवतो. दर १००० मीटर उंचीला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि ताजं बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतं. त्यामुळे चष्मा बाजूंनी झाकणारा हवा. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही क्रीम लावायचं, तिथे खालून ऊन लागतं.

डासांचं मलम जपून वापरावं. बर्फ वितळल्यावर काही दिवसांतच डास उठतात आणि मलम लागतंच, पण डीट हे रसायन प्लॅस्टिक विरघळवतं. तंगूस, फ्लाय लाइन, चष्म्याची चौकट, सगळं खराब होतं. तळहाताला न लावता हाताच्या पाठीने चोळावं. कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक मारायचं तर घरी मारून पूर्ण वाळवून, काठावर कधीच नाही. माशांसाठी ते जहर आहे.

चढताना

या दिवसांत घड्याळ बर्फाच्या हाती असतं. रात्री गोठलेला थर पहाटे डांबरी रस्त्यासारखा कडक असतो, दहा-अकरानंतर तोच भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. एक किलोमीटरला तास लागतो. म्हणून पहाटे उजाडताना चालायला लागायचं आणि उतारावरचं बर्फ सकाळीच ओलांडायचं. रात्री आभाळ भरलेलं राहून बर्फ गोठलंच नसेल, तर ३० ते ४५ अंशांच्या बर्फाळ उतारांखालून त्या दिवशी जाऊच नये. ओलं बर्फ हळू पण अख्ख्या जाडीने सरकतं. मोठ्या दगडांच्या आणि झाडांच्या बुंध्याभोवती बर्फ आतून पोकळ झालेलं असतं, तिथून हातभर तरी लांबून चालावं. बुटांना लावायचे छोटे दाते सौम्य उतारावर पुरतात. घसरलो तर खाली दगड किंवा पाणी आहे अशा तीव्र उतारावर क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे मोठे टोकदार दाते) आणि आइस अ‍ॅक्स हवी, आणि ती वापरण्याचा सराव आधी झालेला हवा.

ओढ्यांचंही तेच. दिवसभर वितळलेलं पाणी दुपारनंतर आणि संध्याकाळी चढतं, पहाटे सगळ्यात कमी असतं. संध्याकाळी न ओलांडता येणारा ओढा सकाळी घोट्याएवढा मिळू शकतो, म्हणून अलीकडेच तंबू टाकावा. ओलांडायची जागा पाणी पसरलेलं असेल अशी बघावी, अरुंद जागा म्हणजे खोल आणि वेगवान पाणी. बूट घालूनच उतरायचं, सॅकचे कंबरेचे आणि छातीचे बंद सोडायचे, तोंड पाणी येतं त्या वरच्या बाजूला, काठी टेकून एका वेळी एकच पाय उचलायचा. वेगाचं पाणी गुडघ्यावर आलं तर परत फिरायचं. बर्फाच्या पुलाखालून ओढ्याचा आवाज येत असेल, तर पूल किती जाड दिसतो याला अर्थ नाही.

उंचीचा विचार पाच दिवसांच्या अशा आखणीत आपोआप बसतो: रस्ता संपतो तिथे, समजा २४०० मीटरवर, पहिली रात्र. दुसरी २७५० वर, तिसरी आणि चौथी मधल्या तळ्यावर ३१०० ला, तिथून वरच्या तळ्यावर, ३४०० ला, दिवसा जाऊन परत. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा ग्लानी आली तर वर जायचं नाही. चाल लटपटली किंवा बसल्याजागी धाप लागली, तर मासे गेले खड्ड्यात, लगेच खाली उतरायचं. वाट, मुक्काम आणि परतीची वेळ घरी कोणाकडे तरी लिहून ठेवावी आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवायची, हेही त्यात लिहावं.

पाण्याकाठी

पहाटेची मासेमारी इथे डोक्यातून काढून टाकावी. पहाटे पाणी सगळ्यात गार, मासा सुस्त, रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ साचतं (ते उपटू नये, रॉड पाण्यात बुडवून विरघळवावं). सकाळी दहा ते दुपारी दोन-तीन ही खरी वेळ, ऊन उथळ पाणी तापवतं तेव्हाची. दिवसाची मांडणी मग सरळ होते: पहाटे चाल, मग मासे, आणि दुपारी ढग चढायला लागले की गळ गुंडाळून तंबूकडे. कार्बनचा रॉड विजेचा वाहक आहे. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून मोकळ्या काठावरून हटायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही.

सोबत छोटा तापमापक ठेवावा. त्याचं वजन काहीच नाही आणि तो वाद मिटवतो. पाणी ४-५ अंश असेल तर मासा पाठलाग करत नाही. बबलखाली कायरोनोमिड दीड-दोन मीटर खोल टांगून जवळजवळ स्थिर ठेवावी. ६ ते ९ अंशांना हळू ओढलेला स्पून चालतो, आणि हळू म्हणजे हाताला कंटाळा येईल इतका हळू. १० अंशांच्या वर मासा खुलतो, मग स्पिनर, पाण्यावरची फ्लाय, काहीही.

खोली मोजायची सोपी रीत आहे. तीन-चार ग्रॅमचा स्पून सेकंदाला साधारण ३० सेंटिमीटर बुडतो. पहिल्या फेकीला पाच आकडे मोजून ओढायला लागायचं, पुढच्या फेकीला दहा, मग पंधरा. ज्या आकड्यावर मासा लागला तो धरून ठेवायचा. मासेच नाहीत असं म्हणणारे बहुतेक जण दिवसभर एकाच खोलीवर ओढत असतात.

जागा कोणती? काळ्या खडकांचा काठ आधी तापतो. उथळ सपाटी संपून तळ एकदम खोल जातो ती कड, कारण मासा तिथे फेऱ्या मारतो. ओढ्याच्या मुखात वितळलेलं पाणी अतिशय गार असतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना, प्रवाह आणि शांत पाणी यांच्या सीमेवर, वाहून येणारं खाद्य टिपायला मासे थांबतात. नियमाने मुखाजवळ परवानगी असली, तरी खडीवर जोडीने हलणारे रेनबो दिसले तर त्यांना सोडून द्यावं आणि त्या खडीत पायही घालू नये, अंडी चिरडतात.

अर्धवट सुटलेल्या तळ्यावर बर्फाची कड ही सगळ्यात चांगली जागा. आमिष थेट बर्फावर टाकायचं आणि अलगद ओढून कडेवरून पाण्यात घसरू द्यायचं. पाण्यात पडल्याचा आवाज होत नाही आणि कडेखाली उभा मासा ते सहज उचलतो. पण त्या कडेला तंगूस घासतं. दर दहा-बारा फेकींनी शेवटचा हात-अर्धा हात चिमटीत धरून बघावा, खरबरीत लागला तर कापून पुन्हा गाठ मारावी. वारा फिरला तर तरंगणारा अख्खा बर्फाचा पत्रा काही मिनिटांत काठाशी येऊन टेकतो, आमिष पलीकडे अडकतं आणि मग तंगूस तोडण्यावाचून इलाज नाही. त्यावर चालून आमिष सोडवायला जाणं हा वेडेपणा. या दिवसांतलं बर्फ जाड असलं तरी आतून उभ्या सुयांसारखं सुटलेलं असतं. गार पाण्यात पडलेल्या माणसाचा पहिला मिनिट श्वास आवरण्यात जातो आणि नंतरच्या साधारण दहा मिनिटांत हातपाय काम देईनासे होतात. याच कारणाने कमरेएवढ्या पाण्यात उतरणं आणि लाइफ जॅकेट नसताना फुगवायची होडी नेणं, दोन्ही नको.

सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा आणि शक्यतो पाण्यातच गळ काढावा. फोटोसाठी बर्फावर तर कधीच ठेवू नये. अंगावरचा चिकट थर निघतो, कल्ले गोठतात आणि पोहत गेलेला मासा नंतर मरतो. ब्रूक ट्राउटची गर्दी असलेल्या तळ्यातले लहान मासे नियमात बसतील तेवढे खायला घेतले तर तळ्याचं भलंच होतं. मोठा मासा मात्र सोडावा. इथला वाढीचा मोसम इतका तोकडा, की त्याला तेवढं व्हायला कित्येक वर्षं लागलेली असतात.

पोट आणि चूल

माशांच्या भरवशावर शिधा कमी नेणं ही मोठी चूक. २५० ग्रॅमच्या ट्राउटमधून खायचं मांस १२५-१५० ग्रॅम निघतं, म्हणजे जेमतेम २०० कॅलरी. सॅक घेऊन बर्फात चालणाऱ्याला दिवसाला ३००० च्या आसपास लागतात. मासा म्हणजे तोंडी लावणं, जेवण नव्हे. दरडोई दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम कोरडा शिधा न्यावा, त्यात सुकामेवा आणि तूप-तेलासारखं स्निग्ध भरपूर. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांना उकळतं, त्यामुळे कडधान्यं शिजता शिजत नाहीत आणि गॅस मात्र संपतो. मासा मात्र मजेत शिजतो: मीठ लावून फॉइलमध्ये गुंडाळून तव्यावर आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कण्याजवळचं मांस अपारदर्शक होऊन काट्यावरून सुटलं की झालं.

गॅसचा हिशेब वाहतं पाणी आहे की बर्फ वितळवायचंय यावर ठरतो. वाहतं पाणी असेल तर दोन वेळच्या गरम जेवणाला दरडोई दिवसाला २५-३० ग्रॅम. बर्फ नुसतं वितळवायलाच जवळजवळ तेवढी उष्णता लागते, जेवढी ते पाणी पुढे उकळी आणायला लागते. म्हणून तिथे हिशेब दुप्पट धरावा, वारा असेल तर त्याहून जास्त. भांड्यात आधी घोटभर पाणी घालून मग थोडं थोडं बर्फ टाकावं. कोरडं बर्फ ठासून भरलं तर बूड करपतं आणि पाण्याला जळकट वास लागतो. कॅनिस्टर आयसोब्युटेन-प्रोपेनचं घ्यावं. साधं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणंच थांबवतं आणि पहाटे चूल पेटत नाही. पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं. एकदा आतून गोठला की त्याच्या नळ्या फुटतात, वरून काही दिसत नाही आणि तो गाळतोय असं आपण समजत राहतो. शंका आली तर पाणी खळखळून उकळावं, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

तंबू पाण्यापासून ६० मीटर तरी लांब आणि तळ्याच्या पातळीपेक्षा दहा-पंधरा मीटर उंच टप्प्यावर टाकावा. रात्री थंड हवा उतरून तळ्याच्या खोलगटात साचते, थोडं वर गेलं तरी फरक कळतो. बर्फावर झोपायचं असेल तर मॅटचं आर-मूल्य (थंडी अडवण्याचं माप) ५ च्या आसपास हवं. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर त्यांच्या मूल्यांची बेरीज होते. मासा साफ करणं, शिजवणं आणि शिधा ठेवणं हे सगळं झोपायच्या जागेपासून शंभर पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. अस्वलांच्या भागात शिधा बंद डब्यात, आणि माशाचे हात पुसलेलं फडकंही त्याच डब्यात. आतड्यांचं काय करायचं याचे नियम जागोजागी वेगळे: कुठे माशाच्या पोटातला हवेचा फुगा फोडून खोल पाण्यात टाकायला सांगतात, कुठे पिशवीत बांधून खाली न्यायला. उथळ पाण्यात मात्र कुठेच टाकू नयेत. इतक्या गार पाण्यात ती आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहतात.

एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यातल्या तळ्यावर जाताना बूट, जाळी आणि रील स्वच्छ करून न्यावी. डिडिमो नावाचं शेवाळ, बेडकांची बुरशी, माशांचे परजीवी, सगळं ओल्या सामानातून पसरतं. बुटांचे फेल्टचे (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचे) तळवे तर कित्येक दिवस ओले राहतात. न्यूझीलंडने डिडिमोच्या भीतीने २००८ साली मासेमारीत त्यांच्यावर बंदीच घातली. चिखल काठावरच झटकायचा, घरी साबणाच्या पाण्याने घासायचं आणि हाताला पूर्ण कोरडं लागल्यावर आणखी ४८ तास उन्हात ठेवायचं. तंबू त्याच दोरीवर वाळत घालता येतो.